समुद्र न बघता गोवा: घुमट, कौलं आणि सासूबाईंचं कुलदैवत

आधीच सांगते, यात बीच नाही, शॅक नाही, सनसेटचा फोटो नाही. सासूबाईंना कवळ्याला शांतादुर्गेची ओटी भरायची होती, माझ्या नवऱ्याच्या, मकरंदच्या, सुट्ट्या वाया जाणार होत्या आणि मला कधीपासूनची एक खाज होती की गोव्यातली देवळं अशी का दिसतात ते एकदा सलग फिरून बघायचं. म्हणजे बघा, घाटावरचा माणूस पहिल्यांदा मंगेशीला जातो तेव्हा त्याच्या तोंडून हमखास निघतं, अरे हे तर चर्चसारखं दिसतंय. आणि तेवढं बोलून तो प्रसादाच्या लायनीत उभा राहतो, विषय संपला. मला तो विषय संपवायचा नव्हता. मग मी अट घातली की ओटी होईल पण चर्च पण बघायची आणि जुनी घरं पण बघायची, तिन्ही एकत्र बघितल्याशिवाय काही कळणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "मला काय गो, मला गाडीत बसायला मिळालं की झालं."

शुक्रवार

कोकणकन्येने करमळीला उतरलो. ओल्ड गोव्याला जायचं तर मडगावपर्यंत जायची गरज नाही, करमळी स्टेशन अगदी जवळ आहे. टॅक्सीवाले दादा पाचही दिवस आमच्यासोबत होते आणि त्यांनी पहिल्याच सिग्नलला सांगितलं की आज १६ जानेवारी, आज गोव्यात अस्मिताय दीस. १९६७ साली याच तारखेला जनमत कौल झाला होता, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा केंद्रशासित ठेवायचा. वेगळं राहायच्या बाजूने १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "म्हणजे आम्हाला नको म्हणालात तो दिवस." दादा इतके हसले की गाडी हलली. "मावशे, तुमचो देव तर हांगाच आसा मगे," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला, आणि खरं सांगायचं तर पुढचे दिवस हेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

ओल्ड गोव्यात बॉम जिझस चर्चपासून सुरुवात केली. १५९४ ला काम सुरू, १६०५ ला पुरं, सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव इथेच. सगळेजण आत शव बघायला जातात, मी बाहेर भिंतीला चिकटून उभी होते कारण मला ती भिंतच बघायची होती. लालसर तपकिरी जांभा, उघडा, खडबडीत, पोस्टकार्डवर असतो तस्सा. आता गंमत अशी की हे चर्च मुळात असं नव्हतंच. बाहेरून चुन्याचा गिलावा होता, पांढरा, शेजारच्या सगळ्या चर्चसारखा. १९५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्याच काळात तो खरवडून काढला, जुनी वास्तू जुनी दिसली पाहिजे अशी तेव्हाची कल्पना. जांभा हा दगड कसा असतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, घराच्या चिऱ्यांना गिलावा नसेल तर पावसाळ्याने ते कसे झिजतात ते आपण बघितलेलं आहे, आणि हा तर चारशे वर्षांचा. गेली काही वर्षं चर्चमधलीच मंडळी म्हणतायत की परत गिलावा करा नाहीतर भिंत जाईल. पण आता लोकांना लाल रंगाचीच सवय झालीय, लाल म्हणजेच अस्सल. सत्तर वर्षांपूर्वी कोणाच्या तरी आवडीने झालेली गोष्ट आता गोव्याची ओळख होऊन बसलीय आणि ती वाचवायची तर तिचा चेहरा बदलायला हवा. मकरंद म्हणाला, मग पांढरा केला तर लोक म्हणतील वाट लावली. म्हणतीलच.

समोरचं से कॅथेड्रल तेवढ्यासाठी मुद्दाम बघा, ते अजून पांढरं आहे. १५६२ ला सुरू केलेलं, अवाढव्य, आणि एकच मनोरा, कारण दुसरा १७७६ साली वीज पडून कोसळला आणि परत कोणी बांधला नाही. सेंट कॅथरिनच्या नावाने का, तर तिच्या सणाच्या दिवशी म्हणजे २५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने आदिलशाहीकडून शहर घेतलं. म्हणजे इमारतीच्या नावातच विजय कोरलेला. पुढे सेंट कॅजेटन, रोमच्या सेंट पीटर्सवरून बेतलेलं, घुमट बघा तिथला, अर्धगोल, खाली गोल पिंप, वर छोटी कंदिलासारखी छत्री. तो घुमट लक्षात ठेवा, सोमवारी लागणार आहे. त्याच आवारात एक काळ्या दगडाची नुसती चौकट उभी आहे, कोरीव खांब, दोन बाजूला जाळ्या, बाकी काही नाही. आदिलशहाच्या वाड्याचं दार म्हणतात त्याला. सल्तनतीचं दार पण नक्षी बघावी तर देवळाची, म्हणजे दगड आदिलशहाच्याही आधीच्या कुठल्यातरी इमारतीचे असणार असं मानतात. एका चौकटीत तीन राज्यं. पर्यटक तिथे चप्पल झटकायला थांबतात.

संध्याकाळी पणजीत फोंताइन्यास. निळी पिवळी घरं, पांढऱ्या कडा, फोटोवाल्या मुली, आणि घराघरावर फोटो काढू नका अशा पाट्या. मला तिथे पाचच मिनिटांत कंटाळा आला, राहत्या माणसांच्या खिडक्यांसमोर उभं राहून पोज देणं बरं नाही वाटत. रंगांबद्दल मात्र दादांनी सांगितलं ते इतर ठिकाणीही ऐकलंय, की पोर्तुगीज काळात पूर्ण पांढरा रंग फक्त चर्चसाठी, घरांना दुसरा कुठलातरी रंग हवा. आज तीच सक्ती कॅलेंडरवर आणि फ्रिज मॅग्नेटवर गोव्याची ओळख म्हणून विकली जाते.

शनिवार

सासष्टीत चांदोर. मेनेझिस ब्रागांझांचं घर. रस्त्याकडे तोंड करून खिडक्यांची एवढी लांब रांग की एका फोटोत बसत नाही. घराचे दोन भाग, दोन शाखा, दोन्हीकडे वेगळं दार, आत जायला घरचीच माणसं फिरवतात आणि देणगी द्यायची. नाचायचा हॉल, झुंबरं, चिनी मातीची भांडी, देव्हाऱ्याच्या जागी खासगी प्रार्थनाघर. सासूबाई एका वेताच्या खुर्चीकडे बघून हळूच म्हणाल्या, अशी आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी होती, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, दोन होत्या.

याच घराण्यातले लुईस द मेनेझिस ब्रागांझा (१८७८ ते १९३८) हे पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लिहिणारे पत्रकार. म्हणजे गोव्यातलं सगळ्यात "पोर्तुगीज" दिसणारं घर आणि त्यातून निघालेला माणूस पोर्तुगीजांच्याच विरोधात. पणजीतल्या ज्या संस्थेला आज त्यांचं नाव आहे तिच्या प्रवेशाच्या दालनात भिंतभर निळ्या पांढऱ्या फरशा आहेत, १९३५ च्या, पोर्तुगीजांच्या महाकाव्यातल्या प्रसंगांच्या. आदल्या संध्याकाळी उभ्या उभ्या बघून आलो होतो. नाव याचं, भिंत त्यांची, आणि गोवेकरांनी दोन्ही ठेवलं. मला हे फार आवडलं.

आता घरांचं जरा सविस्तर सांगते कारण हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. गोव्यातलं हिंदू घर आतल्या बाजूला वळलेलं असतं. मधे राजांगण, त्यात तुळस, चहूबाजूंनी पडवी आणि खोल्या, बाहेरची भिंत जवळजवळ बंद, छोट्या खिडक्या. बाहेरून जाणाऱ्याला आत काय चाललंय ते कळता कामा नये. ख्रिश्चन झालेल्या घरांनी नेमकी उलटी गोष्ट केली, पुढचा चेहरा उघडला. मोठ्या खिडक्या, पुढे चार पायऱ्या चढून बाल्कांव म्हणजे दारापुढचा ओटा, दोन बाजूला बसायला दगडी सोपे, तिथे संध्याकाळी बसून येणाऱ्या जाणाऱ्याशी गप्पा. बायका पण बसायच्या, हा फरक फार मोठा आहे. पण हे सगळं पुढच्या बाजूला. तसंच आत चालत गेलात की बऱ्याच जुन्या ख्रिश्चन घरांत मागे राजांगण आहेच, फक्त तुळस नाही. चांदोरला पण आत चौक आहे. धर्म बदलला, आडनाव बदललं, जेवण बदललं, पेहराव बदलला, घराचा पुढचा भाग लिस्बनकडे तोंड करून बसला, पण घरात माणूस फिरतो कसा, मधली जागा कोणाची, बाहेरचा किती आत येऊ शकतो, ते तसंच राहिलं. दर्शनी भाग देऊन टाकला आणि नकाशा धरून ठेवला. हे मला शनिवारी दुपारी सुचलं आणि मग पुढे प्रत्येक ठिकाणी मी तेच शोधत बसले, मकरंद वैतागला.

खिडक्यांना काचेऐवजी शिंपले आहेत, सपाट, अर्धपारदर्शक, लाकडी पट्ट्यांत बसवलेले. उन्हं आत येतात पण डोळ्यावर येत नाहीत. आणि कौलं, ज्याला ब्रोकर लोक जाहिरातीत "पोर्तुगीज रूफ" म्हणतात, ती लाल सपाट कौलं मंगळुरी आहेत हो. मंगळूरला बासेल मिशनच्या जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी १८६५ मधे कारखाना काढला तिथून सुरू झालेली. त्याआधी इथे नळीची कौलं. दिल्ली-मुंबईचे लोक कोट्यवधी मोजून जो पोर्तुगीज व्हिला घेतात त्याचं छप्पर कर्नाटकचं, जांभा इथलाच, चौक इथलाच, शिंपले इथल्याच खाडीतले. पोर्तुगीज काय ते बाल्कनीचं नक्षीकाम आणि किंमत.

चांदोर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांची राजधानी. घराजवळच उत्खननात सापडलेला शिवमंदिराचा पाया आहे आणि डोकं नसलेला नंदी. आणि याच गावात कार्निव्हलच्या दिवसांत ख्रिश्चन गावकर मुसळ खेळ खेळतात, हातात मुसळं घेऊन, चर्चसमोरून सुरुवात करून. आम्ही जानेवारीत होतो म्हणून बघायला मिळाला नाही, परत यायला निमित्त.

रविवार

फेरीबोटीचा दिवस. ओल्ड गोव्याहून दिवाडी बेट, बेट आरपार गाडीने, आणि दुसऱ्या टोकाच्या फेरीने डिचोलीकडच्या नार्व्याला. मुद्दाम हाच रस्ता घेतला कारण सप्तकोटेश्वर याच दिशेने गेला.

सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा देव, त्यांच्या नाण्यांवर आणि बिरुदात त्याचं नाव असायचं. देऊळ दिवाडीवर होतं, पोर्तुगीजांनी १५४० च्या सुमारास पाडलं, तिथे आता कोटीतीर्थाचे अवशेष आहेत. लिंग पाण्यापलीकडे नेलं. पुढे १६६८ मधे शिवाजी महाराजांनी नार्व्याचं देऊळ बांधायला घेतलं, दारावर शके १५९० चा लेख आहे, तो बघून मकरंद सरळ उभा राहिला. घाटावरचा माणूस म्हणून माझी अपेक्षा काय असणार, महाराजांनी बांधलेलं म्हणजे काळा दगड, उंच शिखर, तटबंदी. तर समोर काय, झाडांमधे बुटकं, कौलारू, गिलावा केलेलं देऊळ. उतरतं छप्पर, मागे अष्टकोनी पिंपावर छोटासा गोल घुमट. आत मंडपाचं छत कमानदार. पुढे दीपस्तंभ. आपल्या डोक्यातला जो शिवकालीन सेट आहे त्यातलं इथे काही नाही.

आणि तिथेच मला पहिल्यांदा खटकन लागलं, की ज्या राजाने पोर्तुगीजांशी आयुष्यभर झगडा केला त्याला देऊळ कसं दिसतंय याची काळजी नव्हती, ते उभं आहे का याची होती. बांधणारे गवंडी इथले, त्यांना जी कमान आणि जो घुमट बांधता येत होता तो त्यांनी बांधला. घुमट आदिलशाहीतून आला की चर्चमधून यावर अभ्यासक भांडतात, भांडू देत, इथल्या गवंड्याने दोन्ही बघितलेले होते. राज्य सरकारने याची डागडुजी करून २०२३ च्या फेब्रुवारीत परत खुलं केलं आणि मला तरी काम संयमाने केलेलं वाटलं, कौलं कौलंच ठेवली, शिखर उंच करायचा मोह झाला नाही.

परतताना फेरीवर सासूबाई बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "रात्रीचंच नेलं असणार ना गो देवांना?" बहुतेक रात्रीचंच. आमचं कुलदैवत पण असंच गेलेलं, सासष्टीतल्या केळशीहून कवळ्याला, १५६६ च्या सुमारास. लहानपणापासून त्यांनी हे ऐकलंय पण नदी मधे असते हे बोटीत बसल्यावर कळतं. मुक्कामाला कवळ्याला अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत.

सोमवार

मुख्य दिवस. पहाटे ओटी, नारळ, पिवळी साडी, सगळं यथासांग झालं, सासूबाईंचं समाधान झालं, त्यानंतर मला देऊळ बघायला मोकळीक. आत फोटो नाही हे आधीच लिहिते.

अंत्रुज म्हणजे फोंडा महाल. १५६० च्या आसपास तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख, पोर्तुगीजांच्या आणि नदीपलीकडचं फोंडं आदिलशाहीत. देव पळाले ते इथे. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, रामनाथ लोटलीहून. हिंदूंच्या देवांना आसरा मिळाला तो विजापूरच्या सुलतानाच्या मुलखात, आणि फोंड्याची साफा मशीद पण १५६० चीच. (बघून घ्या, तळं सुंदर आहे, बाजूच्या कमानी मोजत बसू नका, ऊन लागतं.) सुरुवातीला देव साध्या घरांत, झोपड्यांत राहिले, कारण देऊळ दिसलं की पाडलं जाईल ही भीती ताजी होती. मोठी देवळं उभी राहिली ती नंतर, अठराव्या शतकात. १७६३ ला फोंडा पोर्तुगीजांकडे गेला तोवर त्यांचाही जोर ओसरला होता, देवळांना हात लावणार नाही असं कबूल करून त्यांनी हा भाग घेतला.

आता तारखा जोडून बघा. १७३६ मधे इन्क्विझिशनचं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचं, फर्मान निघालं, त्यात घरासमोर तुळस लावायलाही बंदी. १७३८ च्या सुमारास नदीच्या या बाजूला शांतादुर्गेचं आत्ताचं देऊळ झालं, छत्रपती शाहूंच्या दरबारातले नारो राम मंत्री यांच्या प्रयत्नाने. ते कोचऱ्याचे, वेंगुर्ल्याजवळचे, हे ऐकल्यापासून सासूबाई त्यांचा उल्लेख "आमचे नारो राम" असा करत होत्या. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली, मराठे त्याच वेळी सासष्टी-बार्देशात घुसले होते. म्हणजे पोर्तुगीजांशी युद्ध ऐन भरात, सातारची मदत, आणि बांधलं काय? अष्टकोनी पिंप, त्यावर घुमट, त्यावर कॅजेटनसारखी कंदील-छत्री, टोकाला कळस. खिडक्या अर्धगोल कमानीच्या, दोन बाजूला खोटे खांब, रंगीत काचा. आत झुंबरं. मातकट लाल भिंती आणि पांढऱ्या पट्ट्या. पुढचा दीपस्तंभ मजल्यामजल्याचा, प्रत्येक मजल्याला कमानी, चर्चच्या मनोऱ्याचा चुलतभाऊच.

पण आत चाला. नगारखान्याखालून शिरायचं, समोर दीपस्तंभ, तुळशीवृंदावन, मग सभामंडप, मग चौक, मग गर्भकूड म्हणजे गाभारा. बाजूला अग्रशाळा, तळी, पालखीचा मार्ग. प्रदक्षिणेची वाट मोकळी. कोण कुठवर जाणार, महाजनांचा, म्हणजे देवळाच्या मानकरी घराण्यांचा, मान कुठे, कौल कुठे लावायचा, एका इंचाचीही तडजोड नाही. चर्चमधे सगळा डोलारा एका लांब हॉलमधून वेदीकडे ओढून नेतो, इथे तो ओढा नाहीच, इथे थांबत थांबत आत जायचं. कमान उचलली, घुमट उचलला, काच उचलली, चाल उचलली नाही. चांदोरच्या घराचंच गणित, फक्त नदीच्या दुसऱ्या बाजूने मांडलेलं. आणि आपल्याकडे तरी काय वेगळं झालं, वसईच्या मोहिमेत आणलेल्या पोर्तुगीज घंटा भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगलेल्याच आहेत की, कोणाला त्यात बाटल्यासारखं वाटलं नाही.

अजून एक. शांतादुर्गा, सांतेरी, हिची मूळ पूजा गोव्यातल्या गावोगाव वारुळाची. इथे वारुळाला रोयण म्हणतात. कित्येक देवळांत गाभाऱ्यात अजून मातीचं वारूळच आहे. ज्या देवीचं मूळ रूप मातीतून आपोआप वर आलेलं, तिला घुमट कोणत्या पद्धतीचा याने काय फरक पडणार.

मग नागेशी. हा देव पळून आला नाही, आधीपासून इथलाच, आवारात १४१३ सालचा शिलालेख आहे. सभामंडपात वर लाकडात कोरलेलं रामायण, रंगवलेलं, मान दुखेपर्यंत बघा. बाकी म्हार्दोळ वगैरे धावतं दर्शन.

मधे एका गावात चहाला थांबलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे नवंकोरं देऊळ, आरसीसी, बाहेरून ग्रॅनाइट, आत संगमरवर, वर पार दक्षिणेत असतं तसं रंगीत उंच शिखर, आणि मागच्या बाजूला जुन्या देवळाच्या जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग. कमिटीतले एक गृहस्थ भेटले, अगत्याने चहा पाजला, म्हणाले आधीचं फार लहान होतं, गळायचं, आणि शिवाय चर्चसारखं दिसायचं, आता कसं देवळासारखं वाटतं. गळत होतं हे मला मान्य, माणसं वाढली हेही मान्य, गावाचं देऊळ आहे, पर्यटकांचं म्युझियम नाही. पण चर्चसारखं दिसायचं म्हणून पाडलं हे ऐकून चहा कडू झाला. इन्क्विझिशनच्या सावलीत राहणाऱ्या माणसांना, ज्यांचे देव खरोखर पाडले गेले होते, त्यांना त्या घुमटाची लाज वाटली नाही. त्यांनी तो ऐटीत बांधला. आणि आपण, ज्यांना कोणी हात लावत नाही, आपल्याला तो परका वाटायला लागला? असं देऊळ जगात दुसरीकडे कुठेच नाही. ते पाडून जे आणतोय ते कुठल्याही हायवेवर मिळतं. हे मी त्यांना बोलले नाही, मकरंदने टेबलाखालून पाय दाबला होता. म्हणून इथे लिहितेय.

संध्याकाळी मंगेशीला, सोमवारची पालखी. माघातली जत्रा तोंडावर, रंगरंगोटी चाललेली. सात मजली दीपस्तंभ, पिवळसर पांढरं देऊळ, कडांना निळा रंग. गर्दी भरपूर, पालखीबरोबर वाद्यं, सासूबाई पुढे घुसल्या त्या आम्हाला तासाभराने सापडल्या, हातात कोणाच्या तरी घरची केळी.

मंगळवार

सकाळी लवकर तांबडी सुर्ल. जंगलात, अनमोड घाटाच्या पायथ्याला, महादेवाचं देऊळ, कदंबकाळातलं, बारावं-तेरावं शतक. लहानसं, काळ्या दगडाचं, चुना न वापरता रचलेलं, छतात कमळ, खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती. अडवाटेला होतं म्हणून वाचलं. मकरंद म्हणाला हे बघ, हे खरं गोव्याचं देऊळ, कशाचीही भेसळ नसलेलं. मी त्याला दगडाकडे बोट दाखवलं. आजूबाजूला सगळा जांभा आणि हा काळा पाषाण घाटावरून आणलेला, घडणही घाटावरचीच, धारवाडकडची, यादव-होयसळांच्या ओळखीची. त्या काळात कदंबांनी दख्खनकडून उचललं, पाचशे वर्षांनी महाजनांनी चर्चकडून उचललं. शुद्ध गोवा शोधायला जाल तर घाट चढत बसाल. देऊळ मात्र अप्रतिम, वाद घालायला नाही तर नुसतं बसायलाही जा.

दुपारी पणजीत कांपालला कला अकादमी, ट्रेनला वेळ होता म्हणून. चार्ल्स कोरिया यांनी केलेली, १९८३ ची, मूळ गोव्याच्या घराण्यातले आर्किटेक्ट. मधे दुरुस्तीवरून बरीच बोंब झाली, २०२३ ला खुल्या रंगमंचाचं छत पण कोसळलं होतं, तो राग इथल्या लोकांचा अजून गेलेला नाही. आम्ही फक्त मोकळ्या भागात फिरलो. ना घुमट, ना कौलं, ना बाल्कांव. पण रस्त्यावरून मांडवीपर्यंत चालत जाता येईल अशी सावलीची वाट आणि बसायला पायऱ्या, कट्टे. दोन म्हाताऱ्या बायका डबा उघडून बसल्या होत्या, कोणी हटकलं नाही. मोठ्या नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव, मंगेशीच्या माणसाचं. आतल्या भिंतींवर मारियो मिरांडांनी खोटे बॉक्स आणि त्यात बसलेले प्रेक्षक रंगवलेले, ते मात्र बंद होतं. तियात्र म्हणजे कोंकणी नाटक आणि मराठी नाटक दोन्ही तिथेच होतात. शुक्रवारचा हिशेब घालायला मी दादांना म्हटलं, बघा, आम्हाला नको म्हणालात तरी नाटकं आमचीच. दादा म्हणाले, स्पर्धेत नंबर आमचो येता.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: दिवाडीच्या दोन्ही फेऱ्या रविवारी रमतगमत चालतात, घाई ठेवू नका. चांदोरला सुट्टे पैसे न्या. देवळांत पूर्ण कपडे, शॉर्ट्सवाल्यांना परत पाठवतात, आमच्यासमोर दोघांना पाठवलं. अग्रशाळेत राहायचं तर आधी फोन करा. तांबडी सुर्लला खायला काही मिळेल या भरवशावर राहू नका, आणि माकडांपासून केळी सांभाळा, सासूबाईंची मंगेशीची उरलेली तिथेच गेली.